जिभेचा नकाशा

धाकट्या बहिणीचे, सरोजिनीचे ते पत्र मुकुंदरावांना पाठ होते. निळे आंतर्देशीय पत्र, नागपूरचा शिक्का, तारीख बारा जुलै एकोणीसशे त्र्याहत्तर. 'शरीरक्रियाशास्त्रात नापास झाले. बाकीचे विषय सुटले. ऑक्टोबरला पुन्हा बसता येते. अप्पांचे पत्र आले, सामान बांधून ये म्हणतात. मला काही सुचत नाही. तू बस म्हणालास तर बसेन, अप्पांशी मी बोलेन. नको म्हणालास तर येईन. उलट टपाली कळव.'

उत्तर एका शब्दाचेच द्यायचे होते. मुकुंदरावांनी चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा पानभर लिहिले. पहिल्यात विचारले, अभ्यास नेमका कुठे कमी पडला. दुसऱ्यात वडिलांची, अप्पांची बाजू मांडली, तिसऱ्यात तिची. चौथ्यात दोन्ही, आणि शेवटी 'तुला योग्य वाटेल ते कर'. हे काही उत्तर नव्हे, एवढे त्यांना तेव्हाही कळत होते, म्हणून तेही पोस्टात टाकले नाही. दोन आठवडे व्हायच्या आत सरोजिनी ट्रंक घेऊन सोलापूर स्टेशनवर उतरली. ट्रंकेत दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे ते जाड पुस्तक होते. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती अकलूजला गेली. पुस्तक माहेरीच राहिले. मुकुंदरावांनी त्याला खाकी कव्हर घातले. शाळेच्या ग्रंथालयात त्यांची सबंध नोकरी झाली, त्या काळात हजारो पुस्तकांना त्यांनी कव्हरे घातली असतील, पण इतके घट्ट एकालाही नसेल.

या गोष्टीला बावन्न वर्षे झाली. बहीणभाऊ दर दिवाळीला भेटत होते. पत्राचा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता.

आज रविवारी सरोजिनी अकलूजहून पहिल्या गाडीने आली, आणि तिला बोलावण्याचे कारणही तसेच होते. मुकुंदरावांची नात ज्ञानदा दंतवैद्यकाच्या पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रात नापास झाली होती. तीन गुणांनी. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत उद्या संपत होती. फॉर्म कोराच होता. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली मात्र तिने स्वतः लिहिलेला एक अर्ज शुक्रवारपासून पडून होता. 'मला हा अभ्यासक्रम पुढे चालू ठेवायचा नाही. तरी माझे नाव कमी करावे.' खाली पालकांच्या सहीची जागा मोकळी. तीन दिवस घरातले प्रत्येक माणूस बरणी उचलून मीठ घेत होते आणि बरणी पुन्हा नेमकी त्या कागदावर ठेवत होते.

*

सून इंद्रायणीने आत्यांना बोलावले होते ते विचार करून. नवरा अर्जावर सही करायला निघाला होता, सासरे 'बघू' म्हणत होते आणि मुलगी खोलीत पडून छताकडे बघत होती. जिचे स्वतःचे शिक्षण असे तुटले, ती बाई तरी पोरीला सोडू देणार नाही, असे तिला वाटले. आत्यांना आवडते म्हणून तिने कारल्याची भाजी केली, शेंगाची चटणी केली, आणि त्या पहिला घास घेईपर्यंत विषय काढायचा नाही असे नवऱ्याला बजावून ठेवले. राजस तेवढेही थांबला नाही.

"दात काढायला हृदय कशाला लागतं, हे मला कोणीतरी सांगा," तो ताटावर बसता बसता म्हणाला. "भूल द्यायची, दात ओढायचा. मूत्रपिंड कुठं आलं त्यात?"

"भूल जाते कुठं मग?" ज्ञानदा ताटाकडे बघत म्हणाली. "रक्तातच जाते ना."

"बघ. येतंय की तुला."

"येत नाही. नापास झालेय मी."

"तीन मार्कांनी," इंद्रायणी म्हणाली.

"नापासच ना आई. तीननं काय आणि तीसनं काय."

"ऐकलंस, आत्या?" राजस म्हणाला. "हे असं चाललंय तीन दिवस. वीज गेली की लोक आमच्या वीज मंडळाच्या ऑफिसात येऊन ओरडतात, ते बरं वाटतं. निदान वीज आली की गप्प बसतात."

सरोजिनीने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, शांतपणे खाल्ला. मग हात लांब करून बरणी बाजूला सरकवली आणि अर्ज वाचला.

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "राजस, पेन आण. सही करून टाक."

इंद्रायणीच्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यात तशीच राहिली. "आत्या, तुम्ही तरी..."

"मी तरी काय? पोरगी एकोणीस वर्षांची आहे. शुद्धीवर राहून लिहिलंय. मला बसायचं होतं तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही. हिला सोडायचंय, तर हिचंही ऐकायचं नाही. या घरात पोरीनं नक्की म्हणायचं तरी काय, ते एकदा ठरवून सांगा."

ज्ञानदाने पहिल्यांदा मान वर केली. आपल्या बाजूने कोणी बोलल्यावर हायसे वाटायला हवे होते. तसे काही तिच्या चेहऱ्यावर दिसेना.

राजसचे झाले भलतेच. आत्याशी भांडायचे म्हणून तो दोन दिवस मनात वाक्ये जुळवत होता, आणि समोरून हा असा पाठिंबा आला. "अगं, पण अशी कशी सही करू? एक वर्ष गेलंय तिचं."

"कालपर्यंत तूच करणार होतास," इंद्रायणी म्हणाली.

"कालपर्यंत मला सगळे अडवत होते. आता एकदम पेन काय आण म्हणता? काही चर्चा नको, काही नको?"

"तीन दिवस दुसरं काय चाललंय?"

"ती चर्चा होती? तू ओरडत होतीस."

"मी ओरडत होते?"

"बाबा, तुम्ही बोला काहीतरी," राजस वडिलांकडे वळला. "शेवटी वर्षभर तिचा अभ्यास तुम्ही घेतलाय."

मुकुंदरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "बघू," ते म्हणाले. "म्हणजे दोन्ही बाजूंनी विचार केला, तर..."

"दादाला नका विचारू," सरोजिनी म्हणाली. "दादा उत्तर देतो. पोस्टात टाकायचं तेवढं राहून जातं."

राजसला आणि इंद्रायणीला हे कळले नाही. आत्या काहीतरी खोचक बोलल्या एवढेच कळले. मुकुंदरावांचा चेहरा मात्र असा उतरला, की इंद्रायणीने काही न विचारता त्यांच्या ताटात भात वाढला.

*

जेवण झाल्यावर सरोजिनी दिवाणावर टेकली. तिला राग आला होता, आणि तो कोणाचा हे नीट कळत नव्हते याचाही राग आला होता. पोरीची बाजू घेतली ती खरी होती. तरी बोलून झाल्यावर तोंडाला चव राहिली नव्हती.

शेजारच्या सुंदरम्मा दारातूनच बोलत आत आल्या. "झाली का जेवणं? पोरी, माझं बीपी बघती का? डोकं लई जड झालंय की."

ज्ञानदा दर रविवारी त्यांचा रक्तदाब बघायची. घरातले दंड संपल्यावर सरावासाठी तिने गल्ली सुरू केली होती.

"आज नको, आजी. मी सोडलंय ते सगळं."

"काय सोडलंस?"

"कॉलेज."

"सोड की. माझं बघ आन मग सोड." सुंदरम्मा खुर्चीवर बसल्या आणि पदर सारून दंड पुढे केला.

ज्ञानदा उठली. कपाटातून पेटी आणली, दंडाला पट्टा गुंडाळला. स्टेथोस्कोप गळ्यात तसाच राहू दिला आणि दोन बोटे सुंदरम्मांच्या मनगटावर ठेवून फुगा दाबू लागली.

"बटण दाबलं की आकडा दाखवणारं मशीन मिळतं आता," राजस म्हणाला.

"बाबा, बोलू नकोस."

"कानानं ऐकायचंच आहे, तर आधी हातानं नाडी कशाला बघायची?" हा प्रश्न सरोजिनीने विचारला. तिने तो सहज विचारला नव्हता. नागपूरला एका लांब टेबलापलीकडून हाच प्रश्न तिच्यासमोर आला होता, आणि तिला उत्तर आले नव्हते.

"काही जणांचा आवाज मध्येच गायब होतो," ज्ञानदा काट्यावरची नजर न काढता म्हणाली. "वर ऐकू येतो, मग येत नाही, मग खाली पुन्हा येतो. नुसतं कानावर विसंबलं आणि त्या गायब जागेतच सुरुवात झाली, तर आपण फसतो. खालचा आकडाच खरा वाटतो. बीपी वाढलेलं असतं आणि आपण ठीक आहे म्हणून घरी पाठवतो. म्हणून आधी नाडी हरवेपर्यंत फुगवायचं, मग त्याच्याही वर जायचं, मग ऐकायचं." तिने स्टेथोस्कोप कानाला लावला. काटा हळूहळू उतरू दिला. "एकशे साठ, शंभर. आजी, काल गोळी घेतली होती?"

सुंदरम्मा पंख्याकडे बघू लागल्या.

"परवा?"

"लग्नात होते की मी, परवा."

"लग्नात गोळी चालते. लोणचं बंद करा. उद्या डॉक्टरांकडे जायचं, मी येते सोबत."

"मग सोडलं कुठं?" सुंदरम्मांनी बाकीच्यांकडे बघून विचारले.

सरोजिनी उठून बसली. पुढे डी.एड. करून अकलूजच्या शाळेत तिने तीस वर्षे विज्ञान शिकवले होते. येते आणि येत नाही यातला फरक तिला मुलांच्या हातांवरून कळत असे.

"इकडे ये. घास गिळायचे टप्पे किती?"

"आत्याआजी, नको ना."

"किती?"

"तीन."

"पहिला?"

"तोंडातला. तेवढा आपल्या हातात. जिभेनं घास मागं ढकलला की पुढचं आपोआप होतं. दुसरा घशातला, तिसरा अन्ननलिकेतला."

"मध्येच नको वाटलं तर?"

"नाही थांबवता येत. जिभेनं सोडला की गेला."

"एवढं येतंय. मग तीन मार्क गेले कुठं?"

ज्ञानदाने आईकडे पाहिले. इंद्रायणी टेबल पुसत होती, ती पुसलेली जागाच पुन्हा पुसू लागली. ही नजरानजर सरोजिनीने वर्गात हजारदा पाहिली होती. तिने मुलीला आणखी काही विचारले नाही. फळीवर दादाच्या अक्षरातल्या पाच वह्या ओळीने लावलेल्या होत्या, त्यातली एक काढली.

"त्या मी तिला करून दिल्या," मुकुंदराव घाईने म्हणाले. "इंग्रजी जड जायचं सुरुवातीला. म्हणून मराठीत. जमलंय की नाही कोण जाणे."

सुरेख जमले होते, हेच वाईट. पानापानाला समास, तांबड्या शाईत मथळे. आणि मधल्या दोन पानांवर पसरलेली एक मोठी जीभ, चार रंगांत. टोकाला गुलाबी, तिथे लिहिलेले 'गोड'. दोन्ही कडांना पिवळा आणि निळा, 'खारट' आणि 'आंबट'. मागे हिरव्या पट्ट्यावर 'कडू'.

"हे माझ्या पुस्तकातलं चित्र आहे," सरोजिनी म्हणाली.

"हो. रंग मी दिले. लक्षात राहावं म्हणून."

"आणि तोंडी परीक्षेत हेच विचारलं."

सुंदरम्मांना जायचे होते, पण आता जाववेना.

"सांगून टाक गं," इंद्रायणी म्हणाली.

"आई, तू कबूल केलं होतंस, कोणाला सांगणार नाहीस म्हणून."

"मी कुठं सांगतेय? तू सांग."

ज्ञानदा जमिनीकडे बघत भराभर बोलली. "मॅडमनी जीभ विचारली. मी टोकाला गोड, मागं कडू असं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे जुनं झालं, सगळ्या चवी सगळीकडे कळतात, कुठं वाचलंस? मी म्हणाले, माझ्या आजोबांच्या वहीत. तर दुसरे सर हसले. वाईट नाही हसले. पण हसले. मग मी वाद घातला. आजोबा असं उगीच लिहिणार नाहीत, असं मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी जे जे विचारलं ते येत होतं, पण तोंडातून निघेना. वीसपैकी चार."

"हे तू मला का नाही सांगितलंस?" राजसने विचारले.

"तू बाबांना बोलला असतास." उत्तर इंद्रायणीने दिले. "आणि ते आठवडाभर जेवले नसते."

मुकुंदराव उभे होते ते खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले. "पण ते छापलेलं होतं," ते म्हणाले.

सरोजिनी स्वयंपाकघरात गेली आणि कारल्याची एक फोड घेऊन आली. "जीभ बाहेर काढ."

"सरोज, काय हे."

"काढ म्हणते ना."

सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने मुलासुनेसमोर जीभ बाहेर काढली. तिने फोड टोकाला टेकवली.

"काय लागतं?"

"कडू."

"कुठं?"

मुकुंदरावांनी डोळे मिटले. "टोकाला," ते म्हणाले.

"इतकी वर्षं जीभ तोंडात घेऊन फिरतोयस, दादा. एकदा तिलाच विचारायचंस."

"कारलं कुठंबी लावा," सुंदरम्मा म्हणाल्या, "कडूच लागतंय की." आणि आपले येथे आता काम नाही असे वाटून त्या निघून गेल्या.

राजस हसला, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडला. "म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकावरून पोरगी शिकतेय, आणि मी तिला अभ्यास करत नाहीस म्हणून बोलतोय. कमाल आहे या घराची. पुस्तक जुनं झालं का, हे कोणी बघायचं नाही. का, तर कव्हर चांगलं आहे."

"ही नापास झालीच नाही," सरोजिनी म्हणाली. "माझं पुस्तक झालं. दुसऱ्यांदा."

"म्हणजे आता बसायचं?" इंद्रायणीने विचारले. "आत्या, मघाशी तुम्ही सही कर म्हणत होता."

"मघाशी मला हे ठाऊक नव्हतं."

"आता मी सांगू?" ज्ञानदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जेवायला बसल्यापासून तुम्ही सगळ्यांनी मत बदललंय. बाबानं, आत्याआजीनं. आई तर सकाळी म्हणत होती की सोडलंस तर सोड बाई एकदाचं. मला नाही कळत मला काय हवंय. पुन्हा त्या टेबलासमोर बसायचं म्हटलं की ते सर हसलेले आठवतात." ती मुकुंदरावांकडे वळली. "आजोबा, तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत. तुम्ही सांगा. बस म्हणालात तर बसते. नको म्हणालात तर बाबा सही करेल. पण एक काहीतरी सांगा."

सरोजिनीच्या हातात अजून ती कारल्याची फोड होती. ज्ञानदाला पत्राबद्दल काही माहीत नव्हते, माहीत असायचे कारणच नव्हते. आपल्याच ओळी दुसऱ्याच्या आवाजात ऐकून सरोजिनीने दादाकडे पाहिले. तोही तिच्याचकडे बघत होता.

"माझ्यामुळंच जर हे झालं असेल," मुकुंदराव म्हणाले, "तर मी कोणत्या तोंडानं... म्हणजे आपण नीट... बघू."

सरोजिनीने फोड टेबलावर ठेवली आणि पदराला हात पुसले. "राजस, माझी तीनची गाडी आहे," ती म्हणाली. जाताना फळीवरचे खाकी कव्हरचे पुस्तक तिने पिशवीत टाकले. "हे नेते मी. तिसऱ्यांदा नापास व्हायला नको."

*

स्टँडवर अकलूजची गाडी लागायला वेळ होता. राजस पिशवी घेऊन उभा होता. पुस्तकाने ती बरीच जड झाली होती.

"आत्या, पोस्टाचं काय म्हणालीस मघाशी?"

तिने सांगितले. फार थोडक्यात, दुसऱ्याच्या घरचे सांगावे तसे. राजस ऐकत राहिला. आपल्या घरात आत्याचे शिक्षण 'अप्पांनी थांबवले' अशीच गोष्ट सांगितली जात असे.

"तुला राग नाही येत बाबांचा?"

"रागाला तरी काहीतरी लागतं ना रे हातात. नको म्हणाला असता तर रागावले असते, चांगली दहा वर्षं बोलले नसते. त्यानं काहीच पाठवलं नाही. अकरा दिवस पोस्टमनच्या वेळेला मी वसतिगृहाच्या फाटकाशी उभी राहायची. बाराव्या दिवशी ट्रंक भरली." गाडी लागली. लोक पुढे सरकले. "मी काही वाईट जगले नाही, राजस. चांगली जगले. पण तो बाराव्या दिवसाचा दुपारचा वेळ अजून तसाच आहे कुठंतरी. पिशवी दे."

तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलल्यावर राजसच्या लक्षात आले की अर्जावर सही करायचे पेन सकाळपासून आपल्या खिशाला तसेच आहे. त्याला घरी जावेसे वाटेना. स्टँडबाहेर त्याने दोन चहा घेतले.

*

संध्याकाळी मुकुंदराव टेबलाशी बसून होते. समोर बरणी, बरणीखाली अर्ज. ते पुन्हा दोन्ही बाजू मांडायला लागले होते. बसली आणि नापास झाली तर. सोडले आणि पुढे पस्तावली तर. तिसरी बाजू सापडली तेव्हा त्यांना स्वतःचाच वैताग आला. बावन्न वर्षांपूर्वी आपण बहिणीचा विचार करत होतो असे ते धरून चालले होते. तसे ते नव्हते. उत्तर चुकले तर ते आपले चुकले असते, एवढीच ती भीती होती. न दिलेले उत्तर चुकत नाही. आणि त्या एका सोयीसाठी सरोज फाटकाशी उभी राहिली असणार. उभी राहिली होती हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण ती उभी राहिली असणारच, ते तिला ओळखत होते.

ते उठले आणि ज्ञानदाच्या खोलीच्या दाराशी गेले. दार लोटलेले होते, तरी वाजवले.

"या ना, आजोबा."

ते आत गेले नाहीत. आत गेले असते तर बसले असते, आणि बसले असते तर बोलत राहिले असते. "परीक्षेला बस," ते उंबऱ्यावरून म्हणाले.

ज्ञानदा उठून बसली. "हे खरंच वाटतंय, का आत्याआजी चिडून गेली म्हणून?"

"दोन्ही," ते म्हणाले. "पास होशील का, मला माहीत नाही. मला त्या विषयातलं काही कळत नाही हे आज सिद्धच झालंय. पण तू विचारलंस, आणि माझं उत्तर हे आहे."

"आणि पुन्हा नापास झाले तर?"

"तर आजोबांनी सांगितलं म्हणून बसले, असं सगळ्यांना सांग. मीही तेच सांगेन."

तिने पाय पलंगावरून खाली सोडले. मग म्हणाली, "वही नको पण."

"वही नको."

"नव्या पुस्तकातून मला प्रश्न विचाराल? इंग्रजीत. मला तोंडानं बोलायचा सराव हवाय, समोर कोणी बसलेलं असताना. तुम्ही फक्त विचारायचं. समजावून सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आणि मी बोलत असताना 'पण' म्हणायचं नाही."

हे कठीण होते. "बघू," मुकुंदराव म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. ज्ञानदा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

*

सोमवारी सकाळी राजसने ऑफिसला जाण्याआधी पुरवणी परीक्षेच्या फॉर्मवर सही केली. चर्चा झाली नाही, आणि त्याला ते थोडे चुकल्यासारखे वाटले. इंद्रायणीने डबा भरताना मिठाची बरणी उचलली. खाली नुसते टेबल होते. तिने मीठ घेतले.

फॉर्म देऊन परत येताना ज्ञानदाच्या स्कूटरवर मागे बसलेल्या मुकुंदरावांनी सात रस्ता चौकाजवळ तिच्या खांद्यावर थोपटले. "इथं पोस्ट आहे बघ. दोन मिनिटं."

खिडकीतल्या माणसाला आंतर्देशीय पत्र शोधायला दोन खण उघडावे लागले. "कोण लिहितं हो आता?" त्याने विचारले. मुकुंदरावांनी पैसे सरकवले. उभ्याउभ्याच, दोरीने बांधलेल्या पेनने त्यांनी लिहिले:

'चि. सरोज हिस आशीर्वाद. तुझे बारा जुलैचे पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला. परीक्षेला बस. अप्पांशी तू बोलू नकोस, मी बोलतो. ज्ञानदाने आज फॉर्म भरला. तुझा, दादा.'

खाली अर्ध्याहून अधिक कागद मोकळा राहिला. उशीर का झाला ते लिहायला जागा पुरेशी होती. त्यांनी पेन खाली ठेवले, कडांना डिंक लावला आणि पत्ता घातला.

बाहेर पेटीच्या तोंडाशी पत्र धरून ते थांबले. निम्मे आत होते, निम्मे बोटांत. पिन कोड बरोबर आहे ना, हे बघायला त्यांनी ते परत ओढले असते.

"आजोबा, लवकर या. इथं गाडी लावू देत नाहीत," ज्ञानदाने हाक मारली.

त्यांनी बोटे सोडली.

"टाकलं का?" तिने स्कूटर सुरू करत विचारले.

"गेलं," मुकुंदराव म्हणाले, आणि मागे बसले.